कुत्र्याचा रंग

फॉर्मच्या चौथ्या पानावर एक रकाना असतो:
समोरच्या वाहनाचा क्रमांक.
तिथं एकोणतीस वर्षं मी लिहीत आलो, निरंक.
डभोई रोडचा कडुनिंब, छाणीच्या पुलाचा कठडा,
वाघोडियाला कालव्यात नाक खुपसून बसलेली व्हॅन,
सगळीकडे निरंक.

आणि दरवेळी, खाटेवरून किंवा ठाण्याच्या बाकावरून
तेच वाक्य:
"कूतरुं आडुं आव्युं, साहेब."
कधी रोझडं, कधी गाय,
एकदा पादऱ्याकडं चक्क मगर.
पावसाळा होता, तीही लिहून घेतली.

पण मी रंग विचारायचो.
नुसता रंग.
कुत्रं खरंच पाहिलेला माणूस झटकन सांगतो.
बाकीचे आधी माझ्याकडं बघतात, मग छताकडं,
मग म्हणतात, काळं असेल.
खोट्या कुत्र्याला रंग नसतो,
हे मी नव्या पोरांना चहाच्या टपरीवर शिकवायचो,
फुशारकीनं.

हिरेनच्या वडिलांना मात्र विचारलं नाही.
रस्ता कोरडा, सरळ. भर दुपारचा उजेड.
ब्रेकची खूण नाही, वीतभरसुद्धा.
टायर झाडापर्यंत असे गेलेले
जसं कुणी हाक मारली म्हणून जातं.
म्हातारा रुमालाची घडी घालत होता, मोडत होता.
"कूतरुं हशे," म्हणाला.
हशे. असेल.
मी लिहिलं, श्वान आडवे आल्याने.
दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

गेल्या मंगळवारी, केलनपूरच्या अलीकडं,
मी.
डभोईहून साखरपुडा आटोपून परतताना.
शेजारी नंदिता, तिच्या मांडीवर बासुंदीचा डबा.
ताशी ऐंशीनं तीन सेकंद म्हणजे सहासष्ट मीटर,
हा हिशेब मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर मांडला.
माझे तीन सेकंद कुठं गेले, ठाऊक नाही.
रेडिओवर बाजारभाव चालू होते.
मग बाभूळ होती.

काचेवर बासुंदी. वाफ. आणि नंदिताचं मनगट
भलत्याच दिशेला वळलेलं.
रागवायला समोर कुणीच नव्हतं.
ट्रक असता तर त्याची आईबहीण काढली असती,
खड्डा असता तर महापालिकेची.
बाभळीला काय म्हणायचं?
ती चाळीस वर्षं तिथंच उभी,
वेगमर्यादेच्या आत.

हवालदार भला माणूस. वही उघडून त्यानंच विचारलं,
"कूतरुं?"
दार उघडून धरावं तसं.
मी म्हणालो, डोळा लागला.
त्यानं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
"एवुं ना लखाय, काका."

फॉर्म आता घरी, जेवणाच्या टेबलावर,
लोणच्याच्या बरणीखाली.
गाडी गॅरेजमध्ये. मी अजून तिला बघायला गेलो नाही,
मी, ज्यानं पंधराशे तरी मोडक्या गाड्या
टॉर्च मारून, वाकून, मोजून पाहिल्या.
रात्री कुशीवर वळलो तरी
पाय ब्रेक शोधतो.

आज संध्याकाळी
प्लास्टरचा हात उशीवर ठेवून
नंदिता माझ्या बहिणीला फोनवर सांगत होती:
"तपकिरी होतं गं. एक कान पांढरा.
मागचा पाय जरा ओढत होतं."

अडखळली नाही.
छताकडं बघितलं नाही.

मी स्वयंपाकघरात, हातात गाळणं.
चहा कपाबाहेर सांडत राहिला.
विचारावं का, होतं का गं खरंच?
पण मी तर झोपलेलो.
झोपलेल्यानं कुणाची साक्ष तपासायची?

कप पुढं केला, तिनं डाव्या हातानं घेतला.
"वाचलं ते," म्हणाली,
"पलीकडं एरंडात शिरलं."
एक घोट घेतला.
"साखर विसरलात."